मेडिकल फिजिसिस्ट: ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. खारघर, बेलापूर, ठाणे या पट्ट्यात मला हे प्रश्न तीन प्रकारची माणसे विचारतात: फिजिक्समध्ये एमएस्सी करणारी मुले आणि त्यांचे आईवडील, शेक म्हणजे किरणोपचार घेणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक, आणि नवा कॅन्सर विभाग सुरू करू पाहणारे हॉस्पिटलवाले. तिघांसाठी उत्तरे एकाच जागी लिहून ठेवली आहेत. जिथे माझे स्वतःचे मत आहे तिथे ते तसेच मांडले आहे.

मेडिकल फिजिसिस्ट नेमके काय करतो?

किरणोपचारात गाठ कुठवर पसरली आहे आणि तिला किती डोस द्यायचा हे डॉक्टर ठरवतात. तेवढाच डोस, त्याच जागी, रोज पोहोचतो आहे हे मोजून सांगायची जबाबदारी फिजिसिस्टची.

तोंडाच्या कॅन्सरचा रुग्ण घ्या. तंबाखू-मिश्रीमुळे आपल्याकडे असे रुग्ण भरपूर. त्याला साधारण 66 ते 70 ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचे एकक) डोस द्यायचा असतो, थोडा थोडा करून उपचाराच्या 33 ते 35 दिवसांत. गाठीच्या मागे काही सेंटिमीटरवर मज्जारज्जू असतो आणि त्याच्यावर 45 ते 50 ग्रेच्या वर डोस जाऊ द्यायचा नसतो. बाजूला लाळग्रंथी, त्या होरपळल्या तर माणसाला जन्मभर कोरड्या तोंडाने भाकरी गिळावी लागते. हे सगळे सांभाळून किरण कोणत्या दिशांनी, कोणत्या आकाराचे आणि किती वेळ सोडायचे याचा आराखडा फिजिसिस्ट बनवतो. तो डॉक्टरांनी मंजूर केला की आधी यंत्रावर फॅन्टम, म्हणजे शरीराच्या जागी वापरायची नकली वस्तू, ठेवून तपासायचा आणि मगच रुग्णाला टेबलावर घ्यायचे.

याशिवाय यंत्राची नियमित तपासणी, नवीन यंत्र आले की त्याची महिनोन्‌महिने चालणारी मोजमापे, भिंतींच्या जाडीचा हिशोब आणि कर्मचाऱ्यांची किरणसुरक्षा हेही त्याच्याच गळ्यात असते.

म्हणजे तुम्ही डॉक्टर का?

नाही. टेक्नॉलॉजिस्टही नाही. रुग्णाला टेबलावर नीट झोपवून रोजचा उपचार देतात ते रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट. फिजिसिस्ट बहुतेक वेळा रुग्णाला दिसतही नाही, त्यामुळे तो कोण हा प्रश्न पडणे साहजिक आहे.

यंत्र कोट्यवधींचे, कॉम्प्युटरवर चालणारे. मग रोज मोजायचे काय?

जुलै महिन्यातली एक तपासणी सांगतो. लिनॅकच्या, म्हणजे विजेवर किरण तयार करणाऱ्या उपचारयंत्राच्या, खाली पाण्याची चौकोनी टाकी ठेवायची. तिच्यात 10 सेंटिमीटर खोलीवर आयन चेंबर सोडायचा. पेनाएवढ्या जाडीच्या या उपकरणाच्या टोकाशी जेमतेम 0.6 घन सेंटिमीटर हवा असते. किरण गेले की त्या हवेत विद्युतभार तयार होतो. तो इलेक्ट्रोमीटरवर वाचायचा आणि त्यावरून डोस काढायचा.

आता ती हवा बाहेरच्या हवेशी जोडलेली असते. पावसाळ्यात आपल्याकडे दाब 1004 हेक्टोपास्कलच्या आसपास उतरतो, तर हिशोब 1013.25 धरून केलेला असतो. खोलीचे तापमान 22 अंश आणि संदर्भ 20 अंशांचा. दाब कमी आणि तापमान जास्त, म्हणजे चेंबरमधली हवा विरळ आणि आकडा खरा असावा त्यापेक्षा लहान. दोन्ही दुरुस्त्या मिळून साधारण 1.6 टक्के होतात. बॅरोमीटर बघायचा राहिला, तर यंत्र बरोबर असूनही ते कमी डोस देते आहे असे वाटेल आणि कुणीतरी ते उगाच वाढवून ठेवेल. जानेवारीत दाब पुन्हा 1013 च्या जवळ येतो, तेव्हा हीच दुरुस्ती निम्म्याहून कमी असते.

रोज सकाळी पहिला रुग्ण येण्याआधी यापेक्षा झटपट तपासणी होते. त्यात 3 टक्क्यांच्या वर फरक दिसला तर यंत्र थांबवायचे. महिन्याच्या सविस्तर तपासणीत 2 टक्क्यांची सूट. रुग्णाच्या शरीरात पोहोचणारा एकूण डोस 5 टक्क्यांच्या आत अचूक असावा, ही आंतरराष्ट्रीय पातळीवर फार पूर्वीपासून मानलेली मर्यादा आहे. त्यात मोजणीची चूक, आराखड्याची चूक, रुग्ण थोडा हलल्याची चूक असे सगळे बसवायचे असते. म्हणून प्रत्येक पायरीवर एक-दोन टक्क्यांचीच मुभा उरते.

एवढे बारीक बघितले नाही तर खरेच काही होते का?

होते. 1996 साली कोस्टा रिकाच्या सॅन होजे शहरात एका रुग्णालयात कोबाल्ट यंत्राचा स्रोत, म्हणजे त्यातला किरण सोडणारा किरणोत्सारी कोबाल्ट, बदलला. नवा स्रोत किती तीव्र आहे ते मोजताना टायमरवरचे 0.3 मिनिट हे 30 सेकंद समजले गेले. प्रत्यक्षात 0.3 मिनिट म्हणजे 18 सेकंद. त्यामुळे स्रोत आहे त्यापेक्षा कमी ताकदीचा ठरला आणि प्रत्येक रुग्णाच्या उपचाराचा वेळ वाढवला गेला. 115 रुग्णांना ठरल्यापेक्षा निम्म्याहून जास्त वाढीव डोस मिळाला. त्यातले काही त्या डोसमुळेच दगावले.

तिथले यंत्र बिघडलेले नव्हते. मोजणी स्वतंत्रपणे दुसऱ्या माणसाने पुन्हा केली असती तर पहिल्याच दिवशी फरक कळला असता. तो दुसरा माणूस आणि त्याला लागणारा अर्धा दिवस विकसनशील देशांतल्या रुग्णालयांत सहज मिळत नाही. आपल्याकडेही अनेक ठिकाणी मिळत नाही, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. पुढे ती सविस्तर मांडली आहे.

शिक्षण काय लागते?

एमएस्सी फिजिक्स आणि त्यानंतर एक वर्षाचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा, किंवा थेट मेडिकल फिजिक्समधली मान्यताप्राप्त एमएस्सी. त्यानंतर सुसज्ज किरणोपचार विभागात किमान 12 महिन्यांची इंटर्नशिप.

डिप्लोमा म्हटले की पहिले नाव अणुशक्तीनगरच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे, म्हणजे बीएआरसीचे. तिथला अभ्यासक्रम 1962 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सुरू झाला. आज तो होमी भाभा राष्ट्रीय संस्थेच्या अखत्यारीत चालतो. वाशीचा पूल ओलांडला की पोहोचता येईल अशा अंतरावर देशातली या विषयाची सर्वात जुनी शाळा आहे, हे आपल्या भागातल्या कित्येक मुलांना एमएस्सी संपेपर्यंत माहीत नसते. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचा एमएस्सी मेडिकल फिजिक्सचा अभ्यासक्रमही जुना आणि नावाजलेला.

इतरही बरीच विद्यापीठे हा कोर्स चालवतात. फी भरण्याआधी एकच गोष्ट तपासा: अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे एईआरबीच्या, मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमांच्या यादीत तो आहे का? यादीत नसेल तर पदवी मिळेल, पण हॉस्पिटलमध्ये फिजिसिस्ट म्हणून उभे राहता येणार नाही.

बीएस्सीनंतर लगेच येता येईल का?

नाही. आधी पदव्युत्तर शिक्षण.

इंटर्नशिप सहज मिळते का?

इथे मुले अडकतात. जागा कमी, आणि जिथे आहेत तिथे विद्यावेतन बरेचदा नावापुरतेच. डोंबिवलीहून किंवा बदलापूरहून रोज लोकलने जाऊन-येऊन वर्षभर राबायचे आणि हातात प्रवासखर्चही धड नाही, असे सोसणारी मुले मी पाहिली आहेत. चांगल्या घरची मुले निभावतात, पण ज्याच्या पगाराकडे घर डोळे लावून बसले आहे तो मुलगा या टप्प्यावर बँकेच्या परीक्षेकडे वळतो. मला हे फार लागते, कारण त्याच्यावर देशाने सहा-सात वर्षांचे शिक्षण आधीच खर्च केलेले असते. इंटर्नशिपला सक्तीचे आणि पोट भरेल इतके विद्यावेतन असायलाच हवे.

इंटर्नशिप निवडताना भपकेदार यंत्र बघून भुलू नका. विभागात मोजमापाची साधने कोणती आहेत, ब्रॅकीथेरपी, म्हणजे किरणोत्सारी स्रोत गाठीत किंवा गाठीजवळ ठेवून करायचा उपचार, होते का, आणि तुम्हाला स्वतःच्या हाताने चेंबर लावू देतात का, हे विचारा. वर्षभर फक्त कॉम्प्युटरवर प्लॅनिंग केलेल्या मुलाला पाण्याची टाकी समतल करायला सांगितली की तो गांगरतो.

कायद्याने या पेशाला स्थान आहे का?

आहे, आणि या बाबतीत भारत अनेक विकसनशील देशांच्या पुढे आहे. अणुऊर्जा कायदा 1962 मध्ये झाला, एईआरबी 1983 मध्ये स्थापन झाले आणि किरणसुरक्षेचे नियम 2004 मध्ये आले. पात्र फिजिसिस्ट आणि मंडळाने मंजूर केलेला किरणसुरक्षा अधिकारी, म्हणजे आरएसओ, असल्याशिवाय किरणोपचार विभागाला यंत्र चालवायचा परवाना मिळत नाही. परवान्यांचे सगळे काम आता ईलोरा या ऑनलाइन प्रणालीवर होते.

2021 च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोग कायद्यातही मेडिकल फिजिसिस्टचा समावेश झाला. त्यावर आमच्यात दोन मते आहेत. पदव्युत्तर फिजिक्स लागणारा पेशा टेक्नॉलॉजिस्टच्या गटात टाकला, म्हणून काहीजण नाराज आहेत. मला वाटते, आधी नोंदणी तरी होऊ दे. आजवर फिजिसिस्टची ओळख फक्त हॉस्पिटलच्या परवान्यापुरती होती. स्वतःच्या नावावर नोंदणी असेल, तर व्यवस्थापनासमोर त्याच्या शब्दाला वजन येईल.

पेशाची संघटनाही जुनी आहे. असोसिएशन ऑफ मेडिकल फिजिसिस्ट्स ऑफ इंडिया 1976 पासून आहे. तिचे स्वतःचे संशोधन नियतकालिक आहे आणि कॉलेज ऑफ मेडिकल फिजिक्सतर्फे ती प्रमाणपत्र परीक्षाही घेते. टाटा मेमोरियलमध्ये रेडॉनचे संयंत्र उभारणारे डॉ. रामय्या नायडू हे देशातले पहिले मेडिकल फिजिसिस्ट मानले जातात.

कायदा आहे, शिक्षण आहे, मग अडते कुठे?

वेळेपाशी. हॉस्पिटलला फिजिसिस्ट हवा असतो तो परवान्यासाठी. एकदा ईलोरावर नाव चढले की त्याला मोजायला यंत्र किती तास मोकळे मिळते, याची विचारपूस कुणी करत नाही.

गर्दीच्या विभागात सकाळी सातला पहिला रुग्ण आणि रात्री दहाला शेवटचा. महिन्याच्या तपासणीला अख्खी संध्याकाळ लागते. ती संध्याकाळ मागितली की उत्तर येते, "पेशंट वेटिंगवर आहेत, रविवारी करा." रविवारी करतात बिचारे. त्याची बदली सुट्टी मिळतेच असे नाही. दोन माणसांचे काम एक माणूस करतो, आणि तो आजारी पडला तर आराखडे अडतात. वाट पाहणारे रुग्ण खरे आहेत आणि त्यांची घाईही खरी आहे, म्हणून तर नाही म्हणणे फार जड जाते. तरीसुद्धा वेळापत्रकात तपासणीचे तास आधी बांधून घ्यावेत आणि उरलेल्यात रुग्ण बसवावेत, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट, फक्त नाव देण्याची मागणी. ठाणे जिल्ह्यातल्या एका संस्थेने मला विचारले होते: आरएसओ म्हणून तुमचे नाव लावू, महिन्यातून एकदा सही करून जा. मी नाही म्हटले. ही जबाबदारी त्या विभागात रोज उभे राहणाऱ्या माणसाची आहे. स्रोत अडकला, दरवाजा उघडताच किरण थांबवणारा इंटरलॉक चालला नाही, तर खारघरहून निघालेला माणूस घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून कधी पोहोचणार? कर्ज फेडणाऱ्या तरुण मुलाला अशी मागणी नाकारणे माझ्याइतके सोपे नसते, हेही मला ठाऊक आहे.

तिसरी, उपकरणे. चाळीस कोटींचा विभाग उभारतात आणि चेंबर-इलेक्ट्रोमीटरच्या कॅलिब्रेशनला पैसे मागितले की फाईल हलत नाही. ज्या साधनाने यंत्राला बरोबर ठरवायचे त्या साधनाचेच कॅलिब्रेशन लांबले, तर पुढच्या सगळ्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

देशात यंत्रे पुरेशी आहेत का?

नाहीत. दर 10 लाख लोकसंख्येमागे किमान एक किरणोपचार यंत्र, हा नेहमी वापरला जाणारा मापदंड. त्या हिशोबाने आपल्याला 1400 च्या घरात यंत्रे हवीत आणि आपण त्यापासून बरेच दूर आहोत. आहेत तीही मोठ्या शहरांत एकवटलेली. म्हणून तर जळगाव-नांदेडचे रुग्ण महिना-दीड महिना खारघरला खोली घेऊन राहतात.

कोबाल्ट यंत्रे जुनाट म्हणतात. बंद करून टाकावीत का?

माझे मत: घाई नको. कोबाल्ट-60 चे अर्धायुष्य 5.27 वर्षे. म्हणजे महिन्याला सव्वा टक्क्याहून थोडी कमीच घट, आणि सव्वापाच वर्षांनी दोन मिनिटांच्या उपचाराला चार मिनिटे लागतात. हे त्याचे वैगुण्य. पण ते वीज कमी-जास्त झाली तरी चालते आणि त्याची देखभाल सोपी असते. बीएआरसीने विकसित केलेले भाभाट्रॉन हे कोबाल्ट यंत्र सुरुवातीला टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक केंद्रातच बसवले गेले आणि पुढे भारताने ते व्हिएतनामलाही भेट दिले. लिनॅक मात्र आपण बहुतांशी आयातच करतो. सुट्या भागासाठी यंत्र आठ दिवस बंद पडले की त्या दिवसांची भरपाई कशी करायची याचा हिशोब पुन्हा फिजिसिस्टकडेच येतो. समीर या सरकारी संस्थेने देशी लिनॅक बनवला आणि तो सेवाग्रामसारख्या ठिकाणी बसवलाही. ते काम मोठ्या प्रमाणावर व्हायला हवे होते.

नवी मुंबईत या क्षेत्राचे काय काय आहे?

पुष्कळ. खारघरला सेक्टर 22 मध्ये टाटा मेमोरियल सेंटरचे ॲक्ट्रेक. तिथे प्रोटॉन उपचार केंद्रात 2023 मध्ये रुग्णांवर उपचार सुरू झाले. तीन गॅन्ट्री, म्हणजे रुग्णाभोवती फिरून किरण सोडणाऱ्या चौकटी, असलेली सरकारी सुविधा. प्रोटॉन ठरावीक खोलीवर जाऊन सर्वाधिक ऊर्जा तिथे सोडतो आणि पुढच्या अवयवांना जवळजवळ काही पोहोचत नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या गाठींमध्ये याचा मोठा उपयोग. वाशीच्या सेक्टर 20 मध्ये बीआरआयटीचे संकुल आहे. कोबाल्टचे स्रोत आणि वैद्यकीय समस्थानिके पुरवणारी संस्था ती हीच. समीरचेही खारघरला केंद्र आहे. इतके सगळे एका लोकलच्या मार्गावर असलेली जागा देशात क्वचितच सापडेल.

पगार किती मिळतो?

टाटा मेमोरियलसारख्या केंद्रीय संस्थेत मेडिकल फिजिसिस्टची सुरुवात सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल 10 वर होते, मूळ वेतन 56,100 रुपये अधिक भत्ते. खासगीत सुरुवात बहुतेकदा याहून कमी, आणि अनुभवानंतर बरी. आखातात मागणी असते. अमेरिकेत जायचे तर तिथल्या बोर्डाला स्वतःच्या मान्यतेचे शिक्षण आणि रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधले प्रशिक्षण, लागते. इथली पदवी दाखवून थेट काम मिळत नाही.

मुलीला पाठवायचे आहे. पुढे लग्न, मूलबाळ... काही धोका?

हा प्रश्न प्रत्येक आई विचारते, म्हणून आकड्यांत उत्तर देतो. किरणांच्या क्षेत्रात काम करणाऱ्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (शरीरावरच्या किरणांच्या परिणामाचे एकक), आणि कोणत्याही एका वर्षात 30 पेक्षा जास्त नाही. निसर्गातून प्रत्येकाला जगभराच्या सरासरीने वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच. यंत्र चालू असताना फिजिसिस्ट खोलीत नसतो. मध्ये जाड काँक्रीटची भिंत असते. नीट चालणाऱ्या किरणोपचार विभागात वर्षाचा डोस मर्यादेच्या अगदी छोट्या भागाइतकाच भरतो. गरोदरपण कळवल्यावर पोटातल्या बाळासाठी उरलेल्या काळात 1 मिलिसिव्हर्टची वेगळी मर्यादा लागू होते आणि त्याप्रमाणे काम बदलून दिले जाते. या पेशात कितीतरी स्त्रिया आहेत आणि त्यांच्या घरी धडधाकट मुले आहेत. खुशाल पाठवा.

छातीवर लावतात तो बॅज कशासाठी?

तो टीएलडी बॅज. आत तीन चकत्या असतात, मिळालेला डोस त्या साठवून ठेवतात आणि तिमाहीला प्रयोगशाळेत तापवून तो वाचतात. शिशाचा एप्रन घातला तर बॅज त्याच्या आत, छातीवर. कॅथलॅबमधली, म्हणजे हृदयाची अँजिओग्राफी करतात तिथली, मंडळी तो ड्रॉवरमध्ये ठेवून देतात, असे मी पुन्हा पुन्हा पाहतो. खरे तर तिथेच डोस किरणोपचार विभागापेक्षा जास्त मिळू शकतो. बॅज लावा, एवढेच कळकळीने सांगतो.

सीटी स्कॅन, मॅमोग्राफीच्या विभागात फिजिसिस्ट असतो का?

आपल्याकडे क्वचित. एक्स-रे आणि सीटी यंत्रांची दर दोन वर्षांनी मान्यताप्राप्त एजन्सीकडून गुणवत्ता तपासणी करून घ्यावी लागते. पण लहान मुलाच्या सीटीला मोठ्या माणसाचे सेटिंग तर लागत नाही ना, हे रोज बघणारा माणूस तिथे नसतो. पेशाची पुढची वाढ इथे व्हायला हवी.

शेक घेऊन आलेल्या माणसाजवळ नातवंडांनी जावे का?

बाहेरून दिलेल्या किरणोपचारानंतर खुशाल जावे. यंत्र बंद झाले की शरीरात काहीही उरत नाही. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन प्यायलेल्या रुग्णांची गोष्ट वेगळी. त्यांना हॉस्पिटल किती दिवस लांब राहायचे ते लिहून देते, ते काटेकोर पाळा.

आम्ही नातेवाईक. हॉस्पिटलमध्ये काय विचारावे?

तुमचे फिजिसिस्ट कोण, पूर्णवेळ आहेत का, आणि आमच्या रुग्णाचा आराखडा यंत्रावर तपासून पाहिला का. विचारायला संकोचू नका. चांगल्या विभागात यावर कुणी रागावत नाही, उलट फिजिसिस्टला बोलावून भेट घालून देतात. यंत्र बंद होते म्हणून उपचाराचे दिवस चुकले तर ते कसे भरून काढणार, हेही विचारा. खंड पडणे गाठीच्या पथ्यावर पडते.

आमच्या दवाखान्यातले जुने एक्स-रे यंत्र भंगारवाल्याला देऊ का?

तसे परस्पर देऊ नका. एक्स-रे यंत्रात किरणोत्सारी पदार्थ नसतो, वीज काढली की ते निर्धोक असते. तरी ते पुन्हा कुणी बेकायदा चालवू नये म्हणून ट्यूब निकामी करून ईलोरावर तशी नोंद करावी लागते. किरणोत्सारी स्रोताचे मात्र भंगारात जाणे जीवघेणे ठरते. 2010 च्या एप्रिलमध्ये दिल्ली विद्यापीठातले वापरात नसलेले कोबाल्टचे उपकरण लिलावातून मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले, तिथे ते फोडले गेले आणि एक कामगार दगावला. तुमच्या संस्थेच्या अडगळीत असे काही आहे अशी शंका आली, तर हात न लावता खोलीला कुलूप घाला आणि एईआरबीला कळवा.